राहायला कुठे?

भाच्याच्या बायोडाट्यात उंची लिहिलेली होती. पाच फूट सात इंच. तिच्याखाली रंग, निमगोरा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मामा, ती झेरॉक्सवाल्याची फाइल आहे. त्यानं फक्त नाव आणि मार्क बदलले."

बदलापूरला स्टेशनबाहेर ‘पॅन कार्ड, आधार दुरुस्ती, भाडेकरार, लाइट बिल, बायोडाटा’ अशी पाटी लावून जी दुकानं बसलेली असतात, तिथे बायोडाटा मागितल्यावर ‘नोकरीचा की लग्नाचा’ असं कोणी विचारत नाही. कंप्युटरवर एकच फाइल असते आणि गेली कित्येक वर्षं तिनंच दोन्ही खाती सांभाळलेली असतात. भाच्याच्या पहिल्या पानावर डोक्यावर गणपती होता आणि शेवटी ‘अपेक्षा’ या रकान्यात ‘सुशील, निर्व्यसनी, ठाणे-मुंबई परिसरातील’ एवढं राहून गेलं होतं. गणपती आणि उंची मी काढायला लावली. अपेक्षा तशीच ठेवावी असं मला मनापासून वाटत होतं. कंपनीकडून माणसाची याहून वेगळी अपेक्षा काय असते?

छंदांमध्ये ‘प्रवास’ होता. बदलापूर ते कुर्ला, तीन वर्षं, कॉलेजसाठी. हा छंद मी राहू दिला.

भाचा बीएएफ झालेला. म्हणजे बीकॉमच, पण अकाउंटिंग अँड फायनान्स असं शेपूट लावलेलं. आमच्या वेळी नुसतं बीकॉम असायचं आणि तेही पुरायचं. निकाल लागल्याच्या संध्याकाळी ताईचा फोन आला, "तू अठ्ठावीस वर्षं अकाउंट्समध्ये आहेस, त्याची तयारी करून घे." अठ्ठावीस वर्षांत कोणीतरी माझ्या नोकरीचा असा आदरानं उल्लेख करण्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळे मी हो म्हणालो. दर रविवारी भाचा बदलापूरहून माझ्याकडे अंबरनाथला यायचा, सोबत ताई यायची, आणि आमची आई स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत बसायची. एवढं मुलाखतीचं पॅनल कुठल्याही कंपनीत नसेल.

टॅलीचा क्लास त्यानं आधीच केला होता. तीन महिने, जीएसटीसह, वर लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या आमच्या तिन्ही गावांत वडापावच्या गाडीनंतर सर्वांत जास्त काय असेल तर टॅलीचे क्लास. श्यामसुंदर गोएंका यांना स्वतःच्या धंद्याचे हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून १९८६ साली त्यांच्या मुलानं, भरतनं, ते लिहायला घेतलं. ही गोष्ट मी सहज सांगितली. ताईनं ती उचलली आणि पुढचे दोन महिने "बघ, मुलं वडिलांसाठी काय काय करतात" या सदरात रोज खर्ची टाकली.

भाच्याला कळा सगळ्या पाठ. एफ फाइव्ह पेमेंट, एफ सिक्स रिसीट, एफ सेव्हन जर्नल. झोपेत विचारलं तरी बोट हलायचं. पण "घसाऱ्याची नोंद कशी होते?" म्हटलं की तो माझ्याकडे, मी त्याला आजोबांचं घड्याळ दुरुस्त करायला सांगितल्यासारखा बघायचा.

"घसारा?"

"डेप्रिसिएशन."

"हां! ते टॅली करतं."

माझं सगळं शिक्षण मराठीतून झालं. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, ऋणको, धनको. हे शब्द म्हटले तरी जुन्या वहीचा वास येतो. भाच्याला मात्र डेबिट म्हणजे ‘नावे’ हे पटेचना. "कोणाच्या नावे?" हा त्याचा प्रश्न. आणि मुलाखतीत हमखास येणारा ‘तुमच्या जमेच्या बाजू सांगा’ हा प्रश्न त्याला मराठीत विचारला तेव्हा तो एक मिनिट गप्प बसून म्हणाला, "मामा, पण घर, सोनं, बँकेतले पैसे ही सगळी डेबिट बॅलन्स ना? क्रेडिटला तर देणी असतात. मग जमेची बाजू चांगली कशी?"

मी अठ्ठावीस वर्षांत हा विचार केला नव्हता. आपण मराठी माणसं ज्याला कौतुकानं जमेची बाजू म्हणतो, ताळेबंदात तिथे बँकेचं कर्ज बसलेलं असतं. मी त्याला म्हटलं, हे मुलाखतीत बोलू नकोस, समोरचा माणूसही बीकॉमच असेल.

आईचा आक्षेप वेगळा होता. "मालकानं स्वतःचे पैसे दुकानात घातले, ते दुकानाचं देणं कसं?" मी सांगितलं, कारण हिशेबात मालक वेगळा आणि धंदा वेगळा. आई म्हणाली, "असे मालक मी तरी पाहिले नाहीत." हे वाक्य पुढे उल्हासनगरात मला फार आठवलं, ते सांगतोच. सावधगिरीचा संकेत मात्र तिला लगेच पटला. होऊ घातलेल्या तोट्याची तरतूद आधी करून ठेवायची, पण होऊ घातलेला नफा पदरात पडेपर्यंत वहीत लिहायचा नाही. "बरोबरच आहे," आई म्हणाली, "दृष्ट लागते."

कंटिंजंट लायबिलिटी शिकवताना माझी चूक झाली. काही घडलं तरच द्यावं लागेल असं देणं. ते ताळेबंदात धरायचं नाही, खाली टीप म्हणून लिहायचं. उदाहरण घरातलं असावं म्हणून मी म्हटलं, "आता बघ, भाऊजी त्यांच्या ऑफिसातल्या एकाला पतपेढीत जामीन राहिलेत..." ताईला हे ठाऊक नव्हतं. त्या रविवारी क्लास लवकर सुटला.

ताईनं तोवर कालनिर्णयाचा ताबा घेतला होता. सात तारखेला टीडीएस भरायचा, अकराला जीएसटीचा पहिला रिटर्न, चौदाला टू-बी येतं, वीसला थ्री-बी. भाच्याला पाठ व्हावं म्हणून तिनं हे सगळं लाल पेननं लिहून काढलं. एका महिन्यात अकरा तारखेच्याच चौकोनात एकादशी आली आणि आईनं शांतपणे विचारलं, "या रिटर्नला फराळाचं चालतं का?"

पहिली मुलाखत ऐरोलीला. काचेची इमारत, गळ्यात पट्टे घातलेली माणसं, परदेशातल्या कंपन्यांचे हिशेब. त्यासाठी ठाण्याला गाडी बदलायची. बदलापूर या नावाबद्दल असं सांगतात की पूर्वी इथे प्रवासातले घोडे बदलत, म्हणून बदलापूर. ती परंपरा चालू आहे, फक्त घोड्यांच्या जागी लोकल आल्यात.

भाचा इस्त्रीचा शर्ट पिशवीत घेऊन निघाला. बदलापूरचा अनुभवी माणूस मुलाखतीचा शर्ट अंगात घालून गाडीत चढत नाही. ठाण्याला उतरून तो बदलायचा. कल्याणपासून त्याला चौथी सीट मिळाली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, बाक तिघांचा असतो आणि चौथा माणूस म्हणजे एक मांडी बाकावर, दुसरी वाटेत. तिच्यावर हक्क आहे, तिचा अभिमान आहे, पण प्रत्यक्षात ती नाही. ताळेबंदात याला फिक्टिशस असेट म्हणतात. हे उदाहरण मी त्याला दिलं होतं आणि ते त्याच्या कायमचं लक्षात राहिलं, कारण घाटकोपरला उतरणाऱ्या एका गृहस्थांनी त्याला तिथे नीट बसूही दिलं नाही.

लेखी परीक्षा झाली, त्यात तो पास. मग एचआरच्या बाई. प्रसन्न होत्या म्हणे. "टेल मी अबाउट युअरसेल्फ" झालं. कमकुवत बाजू विचारली तेव्हा त्यानं जगातल्या सगळ्या उमेदवारांप्रमाणे "मी परफेक्शनिस्ट आहे" असं सांगितलं. खरा दोष, म्हणजे सकाळी उठवत नाही, हा मी आधीच सेन्सॉर केला होता. मग बाईंनी विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

भाचा म्हणाला, "डोंबिवलीत."

त्याचं उत्तर खरं तर अचूक होतं. ताई-भाऊजी लग्नानंतर डोंबिवलीत घर बघायला निघाले आणि बजेटच्या जोरानं ढकलले जात जात बदलापूरला पोचले. घरात रोज ऐकलेली महत्त्वाकांक्षा त्यानं प्रामाणिकपणे सांगितली. पण बाईंनी त्यातला एकच धागा पकडला.

"मग आता राहायला कुठे?"

"बदलापूर."

"म्हणजे तो वरुण धवनचा सिनेमा?"

२०१५ साली तो सिनेमा आला तेव्हा आपल्या गावाचं नाव झालं म्हणून आम्ही खूश झालो होतो. त्याची किंमत अशी हप्त्याहप्त्यानं चुकवावी लागेल हे कळलं नव्हतं. बाईंना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजारेक प्रवासी बोटींनी बाहेर काढले, सगळे सुखरूप सुटले, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. "मग पावसाळ्यात तुम्ही कसे येणार?" भाचा म्हणाला, "मॅडम, ती कोल्हापूरला जाणारी गाडी होती." खुलासा बरोबर होता, पण बाईंच्या डोळ्यांसमोर बोटच तरंगत होती. त्यात शिफ्ट रात्रीची. शेवटच्या कर्जत लोकलचा विषय निघाला आणि मुलाखत तिथेच मिटली. आमचा तर कर्जत या नावावर आधीपासूनच राग आहे. अकाउंट्सच्या माणसाला रोज गाडीच्या पाटीवर कर्ज दाखवायचं म्हणजे काय?

दुसरी मुलाखत ठरवून नव्हती. माझ्या ओळखीचे एक सेठ आहेत, उल्हासनगरला कॅम्प नंबर दोनमध्ये त्यांचं कापडाचं होलसेल दुकान. म्हटलं, सरावासाठी जाऊन ये, मी बरोबर येतो.

उल्हासनगरचे पत्ते अजून कॅम्पच्या नंबरांनी चालतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये उतरवलं आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी गावाची पायाभरणी केली. ज्या साली हे गाव उभं राहिलं त्याच साली, महिनाभर आधी, १ जुलैला चार्टर्ड अकाउंटंट्सची इन्स्टिट्यूटही उभी राहिली. माझ्या मते हा योगायोग नसून मागणी आणि पुरवठा आहे.

सेठनी भाच्याचं सर्टिफिकेट हातात घेतलं, न वाचता गादीवर ठेवलं आणि वर कापड मोजायची लोखंडी पट्टी ठेवली. "पंखा चालू है बेटा, डिग्री उड जाएगी." मग एका पार्टीचा खातेउतारा आणि दुकानाच्या लेजरची प्रत त्याच्यापुढे टाकली. "३६० रुपये का फरक है. निकाल."

भाच्यानं लॅपटॉप उघडला. तासभर झाला. चहा आला, दाल पकवान आलं, फरक काही आला नाही. तो एक एक बिल टिकमार्क करत होता आणि घाम पुसत होता. कोपऱ्यात दुकानाचे म्हातारे मुनीम बसले होते, त्यांनी वर न बघता विचारलं, "नौ से कटता है?"

"क्या?"

"३६०. नौ से कटता है ना? तो कहीं आंकडा उलटा लिखा है."

चाळीस नव्वे तीनशे साठ. भाच्यानं यादीवरून बोट फिरवलं. पार्टीकडे ७३० चं बिल, दुकानाकडे ३७०. लागून असलेल्या दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नेहमी नवानं भाग जातो. आणि फरकाच्या बरोबर निम्मी रक्कम कुठे सापडली तर समजावं, नावेची नोंद जमेला गेली किंवा उलट. हे तीन महिन्यांच्या क्लासात नव्हतं, तीन वर्षांच्या कॉलेजात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही रविवारच्या क्लासात नव्हतं, कारण मला ते ठाऊक असूनही सुचलं नव्हतं. मुनीमजी पुन्हा आपल्या कामाला लागले होते.

सेठ खूश झाले. त्यांनी कपाटातून लाल कापडात बांधलेली आजोबांची वही काढून दाखवली. व्यापारी सिंधी लिपी, जिला हटवाणिका म्हणतात. स्वरांची चिन्हं गाळून, सपासप. अशाच बिनकान्यामात्रेच्या महाजनी लिपीचा किस्सा सांगतात, ‘काकाजी अजमेर गए’ हे ‘काकाजी आज मर गए’ असं वाचून घरात रडारड झाली. भाच्यानं विचारलं, "मग आकडे?" सेठ म्हणाले, "आंकडे में कोई काना-मात्रा नहीं छोडता बेटा."

तेवढ्यात सेठनी गल्ल्यातून दोन हजार काढून नोकराच्या हातात दिले. सुनेची स्कूटर गॅरेजमधून आणायची होती. भाच्यातला बीएएफ जागा झाला. "सेठजी, ये ड्रॉइंग्ज में जाएगा. आप अलग, दुकान अलग."

मी खुणेनं थांबवत होतो, पण सेठ रागावले नाहीत. ते वहीला पुन्हा लाल कापड गुंडाळत म्हणाले, "मेरे दादा आए तब ना घर था ना दुकान. बैरक थी, बीच में चादर. चादर के इधर कपडा बेचते थे, उधर सोते थे. दुकान चली तब घर हुआ. अब तू बोलता है दोनों अलग हैं." गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "लिख, लिख. ड्रॉइंग्ज में लिख. सीए भी यही बोलता है."

मग त्यांनी विचारलं, "रहने को कहां?"

भाच्यानं श्वास आवरून धरला. "बदलापूर."

"बढिया. दूर है. दोपहर को खाना खाने घर नहीं भागेगा."

नोकरी जागच्या जागी मिळत होती. वेळ साडेदहा ते ‘गल्ला मिलने तक’. पण बीएएफ करून दुकानात? ताईनं रात्री फोनवर एवढंच विचारलं, "तिथे एचआर आहे का?" नव्हतं. विषय संपला. मला विचाराल तर त्या मुनीमजींच्या शेजारी एक वर्ष बसणं हे दोन वर्षांच्या एमकॉमपेक्षा जास्त होतं. पण मला कोणी विचारलं नाही.

तिसरी मुलाखत अंबरनाथला, आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात. सकाळी साडेनऊ. आदल्या दिवशी आई त्याला शिवमंदिरात घेऊन गेली. शिलाहारांच्या काळातलं हे देऊळ, आणि त्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असं वर्ष चक्क कोरलेलं आहे. आमच्या गावातली ही सर्वांत जुनी तारीखवार नोंद. दगडात असल्यामुळे बॅकडेटेड एन्ट्रीची सोय नाही. ती प्रथा नंतर कागदाबरोबर आली.

मी भाच्याला म्हटलं, रात्री माझ्याकडेच राहा. तो म्हणाला, "मामा, एक स्टेशन आहे फक्त."

इथे त्याची सगळी तयारी कमी पडली. बदलापूरहून सकाळच्या गाडीत चढायचं अवघड, हे सगळ्या जगाला माहीत आहे. पण त्याच गाडीतून अंबरनाथला उतरायचं, हा वेगळा पेपर आहे. कारण त्या क्षणी सगळं अंबरनाथ आत चढत असतं आणि एखादा माणूस बाहेर पडू पाहतोय ही कल्पनाच त्यांना सुचत नाही. भाचा ओरडत होता, "उतरायचंय, उतरायचंय." त्याला उत्तर मिळालं, "मग चढलास कशाला?" गाडी सुटली. छातीशी धरलेल्या फाइलसकट भाचा उल्हासनगरला उतरला, तेही स्वतःच्या पायांनी नव्हे. तिथून उलटी गाडी पकडून, रिक्षा करून तो कारखान्याच्या गेटवर पोचला तेव्हा दहा वाजायला पाच कमी होते. शर्टाचं वरचं बटण कुठल्या प्रवाशाकडे गेलं ते आजही कळलेलं नाही.

अकाउंट्स मॅनेजरनी फाइल उघडली नाही. घड्याळाकडे बघून विचारलं, "राहायला कुठे?"

"बदलापूर, सर."

"एवढ्या जवळून उशीर?"

भाच्यानं झालं ते सांगितलं. मॅनेजर गंभीरपणे ऐकत होते. मग म्हणाले, "चढल्यावर आत सरकलात का?"

"हो सर. लोकांनीच सरकवलं."

"तिथे चुकलात. अंबरनाथला उतरणाऱ्यानं आत सरकायचं नसतं. दांडा सोडायचा नाही. मी वांगणीहून येतो, सतरा वर्षं."

यापुढची मुलाखत भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे गोल्डन रूल्सवर झालीच नाही. परचेस ऑर्डर, स्टोअरची माल मिळाल्याची पावती आणि पार्टीचं बिल, या तिन्हींत फरक आला तर आधी कोणाकडे जाल, असं त्यांनी विचारलं. भाचा म्हणाला, "आधी फरकाला नवानं भाग जातो का बघेन." मॅनेजरनी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं.

शेवटी फाइल मिटता मिटता ते म्हणाले, "तिकीट कुठपर्यंतचं काढलं होतं?"

"अंबरनाथपर्यंत, सर."

"आणि गेलात उल्हासनगरला. येतानाचं काढलंत?"

"गडबडीत राहिलं, सर."

"मग जाताना एक स्टेशन, येताना एक स्टेशन. हे देणं पुस्तकात कुठे दाखवणार?"

भाच्यानं क्षणभर विचार केला. "कंटिंजंट लायबिलिटी आहे, सर. टीसी भेटला असता तरच. खाली टीपेत लिहीन."

एक तारखेपासून रुजू व्हायला सांगितलं. ताईनं पेढे वाटले, भाऊजींच्या जामिनाचा विषय त्या आनंदात तात्पुरता मिटला, आणि मी दांड्याच्या नव्या नियमासह भाच्याला घेऊन बदलापूर स्टेशनावर पास काढायला गेलो. खिडकीपाशी तो जरा घुटमळला.

"कुठपर्यंत?" आतून आवाज आला.

"उल्हासनगर," भाचा म्हणाला.